तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मग, सापडलं का?’

कृष्णद्रव्य, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणामुळे जाणवतं ते द्रव्य, म्हणजे कृष्णविवरंच आहेत का, हे मी किरणांवरून तपासते, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग, सापडलं का? मी ‘नाही’ म्हणते आणि समोरचा विषय बदलतो. त्या ‘नाही’मध्ये काय काय आहे ते सांगायची संधीच मिळत नाही. म्हणून आज लिहून टाकते.

ताऱ्यांच्या मरणातून झालेली कृष्णविवरं यात धरू नका. तारे साध्या द्रव्याचे, आणि कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या पाचपट. मी शोधते ती आद्य कृष्णविवरं, तारे जन्मायच्या कितीतरी आधी, विश्वाच्या पहिल्या क्षणांत दाट जागा कोसळून झाली असतील ती. ‘पण कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही ना?’ किरण येतात. १९७४ मध्ये हॉकिंग यांनी ते गणिताने दाखवलं. विवर जितकं लहान तितकं जास्त तापलेलं. ५० कोटी टनांचं आद्य विवर आजच्या सुमारास विरून संपेल. त्याहून जड असतील ती अजून गॅमा किरण, म्हणजे सर्वात जास्त ऊर्जेचा प्रकाश, सोडत असतील. १९७६ मध्ये डॉन पेज आणि हॉकिंग यांनी हिशोब मांडला, की अशी विवरं फार असती तर गॅमा किरणांत आकाश आहे त्याहून उजळ दिसलं असतं. आमचं काम आजही तेच आहे. आकाशात उजेड किती ते मोजायचं आणि त्यात विवरं किती मावतात ते पाहायचं.

आता, मी सहसा सांगत नाही ते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका उपग्रहाच्या जुन्या नोंदी माझ्याकडे होत्या. आकाशगंगेच्या केंद्राकडून आलेल्या किरणांतून माहीत असलेलं सगळं वजा केलं, तरी आलेखात १.४ एमईव्हीच्या (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) आसपास एक उंचवटा उरला. चार हजार कोटी टनांचं, पण अणूच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असं विवर साधारण तिथेच सर्वात जास्त चमकायला हवं. सगळं कृष्णद्रव्य नाही, काही टक्के. पण काही टक्के सापडले असते तरी पुरे होतं. सहा आठवडे मी तो उंचवटा उलटासुलटा करून पाहिला. केंद्रापासून दूर गेलं की तो कमी होत होता, जसा व्हायला हवा तसाच. परिषदेला सारांश पाठवला. घरी सांगितलं.

मग गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी आलेख पाहून एकच विचारलं, ‘वेळेशी लावून पाहिलंस का गं?’ पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं. उपग्रह प्रत्येक फेरीत पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून, म्हणजे वेगवान कणांनी भरलेल्या भागातून, जायचा. बाहेर आल्यावर किती तास झाले ते आडव्या अक्षावर घेतलं आणि उभ्यावर उंचवट्याची उंची. ठिपके उतरत गेले. उंची पंधरा तासांत अर्धी, तीस तासांत पाव.

पंधरा तास हा किरणोत्सारी सोडियम-२४ चा अर्धायुकाल. उपग्रहाच्या सांगाड्यातल्या ॲल्युमिनियमवर कणांचा मारा झाला की ते तयार होतं आणि १.३७ एमईव्हीचा गॅमा किरण सोडतं. ते मी वजा केलं होतं, पण पूर्ण मोहिमेची सरासरी धरून. केंद्राकडची निरीक्षणं नेमकी पट्ट्यांतून बाहेर पडल्या पडल्या घेतलेली होती. आकाशगंगेतल्या विवराला आपला उपग्रह पट्ट्यांतून कधी निघाला याच्याशी काय देणंघेणं असणार? खोलीत मी एकटीच होते. ठिपक्यांतून जाणारी रेषा पुन्हा पुन्हा काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सारांश मागे घेतला.

तेव्हाच्या मला वाटायचं, सहा आठवडे फुकट गेले. आज मी तिच्याशी भांडते. तो उंचवटा खोटा ठरला म्हणून तर खाली राहिलेल्या आकाशावरून मर्यादा काढता आली, विवरं जास्तीत जास्त किती असू शकतील याची. मर्यादा म्हणजे हात हलवत परत येणं नव्हे. सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलेल्या व्हॉयेजर १ यानाने तिथले इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, मोजले. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या गॅमा किरणांतली ५११ केईव्हीची (म्हणजे ०.५११ एमईव्हीची) रेष तिथे किती पॉझिट्रॉन नष्ट होतात ते सांगते. विवरं या कणांचाही मारा करत असतीलच, मग ते मोजणीत दिसायला हवेत. २०१९ मध्ये हे दोन्ही हिशोब छापून आले, आणि काही हजार कोटी टनांपर्यंतची विवरं हेच सगळं कृष्णद्रव्य, ही शक्यता जवळपास मिटली. पन्नास वर्षांपूर्वी हे कुणाला म्हणता आलं असतं?

पण ती गप्प बसत नाही, आणि तिचंही अगदी चूक नाही. याहून जड, लघुग्रहांच्या वजनाची विवरं इतकी थंड की त्यांचे किरण आमच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि इतकी लहान की मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकवून ओळखू येतील असंही नाही. त्यांच्यावरही एक बंदी होती, दूरच्या आकाशात होणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटांच्या प्रकाशावरून घातलेली. २०१८ मध्ये दाखवून दिलं गेलं, की स्फोटाचा उगम त्या हिशोबात धरला तसा बिंदूएवढा नसतो. बंदी उठली. सगळं कृष्णद्रव्य त्या वजनांच्या विवरांत आजही मावतं. आणि ज्या प्रारणावर माझा सगळा हिशोब उभा आहे, ते कुठल्याही कृष्णविवरातून येताना अजून कुणी पाहिलेलं नाही. हे मी भाषणात शेवटच्या दोन मिनिटांत सांगते. पहिल्या दोन मिनिटांत सांगायला हवं, हे मला पटतं, आणि तरी तसं करत नाही.

नासाची कोझी ही दुर्बीण २०२७ मध्ये सोडायचं ठरलंय, ०.२ ते ५ एमईव्हीसाठी, म्हणजे अगदी माझ्या ऊर्जेच्या पट्ट्यात. तिच्या नोंदी हातात आल्या की पहिला आलेख वेळेचाच काढीन. दुसरा केंद्राकडचा, १.४ च्या आसपासचा. तिथे काहीही नसणार हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी तो काढणारच.