जुना ग्राउलर पुन्हा भरवशाचा करताना

डायनामो आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) यांची आर्मेचर, म्हणजे तारेचे वेढे भरलेले फिरते भाग, तपासणारा ग्राउलर दिसायला अगदी साधा असतो. पोलादी पत्र्यांचे थर दाबून केलेला गाभा, त्याच्या माथ्यावर व्ही आकाराची खाच आणि गाभ्याभोवती एक कॉइल, एवढाच त्याचा संसार. २३० व्होल्टचा एसी पुरवठा मिळताच ही कॉइल ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे काम करते आणि खाचेत ठेवलेले आर्मेचर सेकंडरी बनते. आर्मेचरमधील वेढे आपसांत शॉर्ट झाले असतील, तर त्या बंद मार्गातून प्रवाह फिरू लागतो आणि संबंधित स्लॉटवर (आर्मेचरमधील वेढ्यांच्या खोबणीवर) धरलेले हॅकसॉ ब्लेड, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर, सेकंदाला १०० वेळा थरथरते.

जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांचे डायनामो जपणाऱ्यांना हे यंत्र आजही लागते. मात्र त्याच्या दुरुस्तीची सुरुवात रंगकामापासून करणे मला मुळीच मान्य नाही. पहिली काळजी इन्सुलेशनची घ्यावी. सुती आवरणाची जुनी दोन तारांची वायर काढून तिथे तीन तारांची वायर जोडावी आणि अर्थिंग थेट गाभ्याला द्यावे. कॉइलमध्ये ओल असल्यास ती मंद उष्णतेने वाळवून व्हार्निश द्यावे, आणि त्यानंतर कॉइल व गाभा यांच्यामधील रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावा. तो १ मेगओहमपेक्षा कमी भरला, तर कॉइल नव्याने भरणेच योग्य. त्या वेळी वेढे मोजून आणि तारेचा गेज तपासून लिहून ठेवल्याशिवाय जुनी तार टाकून देऊ नये.

खाचेवरील गंज बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा. तिथे ग्राइंडर चालवला, तर पत्र्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात, थरांमधील इन्सुलेशन निरुपयोगी होते आणि भोवरी प्रवाहांमुळे (गाभ्यातच गोल फिरणाऱ्या विद्युत प्रवाहांमुळे) गाभा तापू लागतो. यंत्र चकचकीत दिसावे या हौसेपायी असे नुकसान झालेले पाहिले की फार वाईट वाटते. सैल पत्रे मात्र घट्ट आवळलेच पाहिजेत.

पहिल्यांदा पुरवठा देताना कॉइलच्या सिरीजमध्ये बल्ब ठेवावा, आणि खाचेत आर्मेचर असल्याशिवाय स्विच कधीही दाबू नये, कारण चुंबकीय मार्ग अपुरा राहिल्यास कॉइल जास्त प्रवाह ओढून तापते. शेवटी एक निर्दोष आणि एक निश्चित शॉर्ट असलेले आर्मेचर लावून दोन्हींचे निकाल पडताळावेत. क्रॉस-कनेक्शन असलेले, म्हणजे वेढ्यांचे समान विभवाचे बिंदू मुद्दाम आपसांत जोडलेले आर्मेचर या पडताळणीसाठी निवडू नये, कारण ते निर्दोष असले तरी त्याच्या सर्व स्लॉटवर ब्लेड थरथरते.