तीनदा खाणं आणि आटोक्यातलं शेवाळ: तीन फुटी रीफ टाकीची नोंद

आधी माझ्या रीफ टाकीचे, म्हणजे कोरल आणि मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे, आजचे आकडे. शेवाळाला पोसणारी दोन द्रव्यं: नायट्रेट ८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०७. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २७ अंश. दगडांवर गुलाबी कोरॅलाइन (कठीण थराचं, हवंसं शेवाळ) पसरतंय. हेअर अल्गी, म्हणजे केसांसारखं नकोसं शेवाळ, आता ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली उतरतं त्या भागाच्या) दातांवर आणि मागच्या काचेवर उरली आहे. काचेवरची मुद्दाम ठेवली आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. मासे दिवसातून तीनदा खातात. संपासकट (फिल्टरच्या जोडटाकीसकट) टाकीत खरं पाणी सुमारे २०० लिटर आहे.

शेवाळ दिसलं की पहिला सल्ला मिळतो तो खाणं कमी करण्याचा. मला तो पटत नाही. दगडात मुरलेल्या फॉस्फेटवर हेअर अल्गी कितीतरी काळ तग धरते. मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकत नाहीत. शेवाळ हटण्याआधी माशांच्या पाठी धारदार दिसायला लागतात. म्हणून मी आत जाणाऱ्या खाण्याला हात न लावता बाहेर काय आणि किती जातंय, त्याचा हिशोब मांडला.

साध्या पेलेटमध्ये (माशांच्या खाण्याच्या गोळ्यांमध्ये) वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम पेलेटमधून १० मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. फॉस्फेट म्हणून मोजलं तर तेच सुमारे ३० मिलिग्रॅम होतात, आणि २०० लिटरमध्ये ०.१५ पीपीएम. प्रथिनं ४५ टक्के धरली तर त्याच ग्रॅममधून नायट्रेट येतं जास्तीत जास्त १.६ पीपीएम. आता वॉटर चेंजकडे बघा. फॉस्फेट ०.०७ असताना २० लिटर पाणी बदललं तर बाहेर जातं जेमतेम १.४ मिलिग्रॅम. एका ग्रॅम पेलेटमधून येणाऱ्या फॉस्फेटच्या वीस भागांतला एक भागसुद्धा नाही! वॉटर चेंज मी करतेच, पण तो मीठ आणि सूक्ष्म घटकांसाठी. फॉस्फेट उतरेल या आशेने बादल्या उचलण्यात अर्थ नाही.

नायट्रेटला निदान एक पळवाट असते. सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. फॉस्फेटला अशी वाट नाही. कोणीतरी उचलून बाहेर नेलं नाही, तर ते शेवाळात, दगडात किंवा पाण्यात, कुठेतरी साठतच राहतं. जुन्या टाक्यांमध्ये नायट्रेट शून्याजवळ आणि फॉस्फेट मात्र चढलेलं दिसतं, ते यामुळेच.

पावसाळ्यात माझ्याकडे नेमकं हेच झालं. नायट्रेट १ वर आलं, फॉस्फेट ०.१८ वर अडून बसलं, रिफ्युजियममधला (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातला) कीटो, म्हणजे ही द्रव्यं शोषायला मुद्दाम वाढवलेलं शेवाळ, फिका पडला आणि वाळूवर सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) लाल साय धरली. कारण शोधताना दोन जुनी गुणोत्तरं कामी आली. रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी) कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण मांडलं. आज ते १०६:१६:१ असं सांगतात. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मोठ्या समुद्री शेवाळांसाठी दिलेलं प्रमाण आहे ५५०:३०:१. म्हणजे कीटो फॉस्फरसच्या मानाने नायट्रोजन जवळपास दुपटीने खातो. आपलं खाणं टाकीत घालतं ते मात्र साधारण रेडफिल्डच्या प्रमाणात. साहजिकच नायट्रेट आधी संपतं, कीटोची वाढ थांबते आणि उरलेलं फॉस्फेट सायनोच्या वाट्याला जातं.

मग मी खाणं तसंच ठेवलं आणि शुद्ध सोडियम नायट्रेटचं द्रावण रोज थोडं थोडं घालून नायट्रेट ५ पर्यंत नेलं. कीटो पुन्हा गडद हिरवा झाला आणि गोळा झाला की अर्धा काढून टाकता येऊ लागला. त्याच्या जोडीला जीएफओचे (फॉस्फेट धरून ठेवणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडचे) दाणे घातले, पण थोडे. जीएफओ भरपूर टाकून फॉस्फेट एकदम खाली खेचलं तर कोरल मिटतात, शिवाय दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटून आकडा परत वर येतो. सावकाश उतरवलेला आकडा टिकतो. दोन्ही आकडे शून्यावर नेण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. तिथे डायनोफ्लॅजेलेट्सना (एकपेशीय सूक्ष्मजीवांना) रान मोकळं मिळतं, आणि डायनो म्हणजे हेअर अल्गीपेक्षा किती तरी मोठं दुखणं.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टाकीभर हेअर अल्गी असताना पाणी तपासायचं किट फॉस्फेट शून्य दाखवतं, तेव्हा पाण्यात फॉस्फेट येतच नाहीये असं समजू नका. अल्गीने खाऊन जे उरलं, तेवढंच किट दाखवतं.

आता खाण्याकडे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यातच मी सगळी तयारी करते. माहीमच्या गोपी टँक मंडईतून ताजी कोलंबी, माकुळ आणि तिसऱ्या आणायच्या. ताजीच, कारण पिशवीतल्या गोठवलेल्या कोलंबीला पुष्कळदा पॉलिफॉस्फेट लावलेलं असतं आणि ते सरळ आपल्या पाण्यात उतरतं. मासळीवाल्या मावशींना मासे पाळते म्हणून सांगितल्यापासून त्या कोलंबी स्वतः निवडून देतात. घरी सगळं बारीक चिरायचं, आरओच्या पाण्यात गाळणीवर धुवायचं, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) कुस्करून मिसळायची आणि पिशवीत पातळ पसरून गोठवायचं. पातळ पापुद्रा लागेल तेवढाच मोडता येतो. श्रावणात आमच्या फ्रीजरमध्ये मासळी नसते, पण आईने याला परवानगी दिली आहे. "डबा वेगळा ठेव आणि घट्ट लाव," एवढीच तिची अट.

देताना वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) बंद, रिटर्न पंप (संपातून पाणी वर आणणारा) बंद. पिपेटने थोडं थोडं सोडायचं, ते संपलं की पुढचं. पंप परत चालू केले की न खाल्लेलं कुजण्याआधी फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या कापडी पिशवीत) अडकतं आणि सॉक दर दोन-तीन दिवसांनी बदलला की टाकीबाहेर जातं. माझ्या मते सॉक वेळेवर बदलणं हा शेवाळावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

या सगळ्यात मला खरी काळजी होती ती लॉनमोअर ब्लेनीची. क्लाऊनची जोडी, ग्रामा आणि फायरफिश हे बाकीचे मासे पेलेटवर तुटून पडतात. ब्लेनी मात्र दगड खरवडून जगणारा मासा. दगड स्वच्छ होत गेले तसं त्याचं पोट आत गेलं. दुकानात हा मासा शेवाळावरचा इलाज म्हणून विकला जातो. शेवाळ संपल्यावर तो काय खाणार, हे तिथे कुणी सांगत नाही, आणि कितीतरी ब्लेनी स्वच्छ टाक्यांत भुकेने मरतात. म्हणून मागची काच त्याच्यासाठी कुरण म्हणून राखली. तिथे काच घासायचा मॅग्नेट फिरवत नाही, ट्रोकस गोगलगायी तिकडे गेल्या तर उचलून पुढे आणते. शिवाय रबर बँडने नोरी दगडाला बांधते. सुरुवातीला तो तिच्याकडे फिरकतही नव्हता. तिथेच चरणाऱ्या गोगलगायी पाहून की काय, एका सकाळी त्याने पहिला लचका तोडला. आता पोट भरलेलं दिसतं आणि मी मागवली त्यापेक्षा नोरी लवकर संपते. याचा मला फॉस्फेटच्या आकड्यापेक्षा जास्त आनंद आहे.

प्रकाशात फार बदल नाहीत. निळा ९ तास, पांढरा ५ तास. कीटोचा दिवा रात्री, म्हणजे पीएचही रात्री फार उतरत नाही. कोरल सगळे मऊ: झोअँथस, मशरूम, एक टोडस्टूल लेदर. दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, त्यामुळे त्यांचा विचारच नाही, आणि मऊ कोरल ५ ते १० नायट्रेटमध्ये छान फुलतात. टोडस्टूलने परवा कात टाकली, त्यानंतर त्याचे पॉलिप पूर्वीपेक्षा लांब निघाले आहेत.

पुढचं काम उन्हाळ्याचं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि तीनदा खाणं म्हणजे जिवाणूंनाही त्याची जास्त गरज. मे महिन्यात संध्याकाळचं खाणं निम्मं करून तेवढंच सकाळच्या खाण्यात मिळवणार आहे, म्हणजे पचनाचा आणि कुजण्याचा भार रात्री पडणार नाही. नायट्रेट ५ च्या खाली गेलं तर द्रावण पुन्हा सुरू करीन. फॉस्फेट ०.१ च्या वर गेलं तर जीएफओ बदलीन. मागच्या काचेला मात्र कोणी हात लावायचा नाही.