आरपी आणि पेशी मोजणारा कॅमेरा

रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणजे आरपी हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार इतका सावकाश वाढतो की वर्षात काय बदललं ते पेशंटलाही धड सांगता येत नाही, तक्त्यावरची अक्षरं तर पडद्यातल्या बऱ्याच शंकूपेशी (रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी) गेल्या तरी वाचता येतात. म्हणून मला अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स भारी वाटतं. मूळ तंत्र दुर्बिणींचं. आकार बदलणारा आरसा कॉर्निया-भिंगाचे बारीक दोष भरून काढतो आणि २-३ मायक्रॉनच्या शंकूपेशी चक्क एकेक दिसतात, १९९७ साली रोचेस्टर विद्यापीठाच्या टीमने हे करून दाखवलं. मग तीच जागा काही महिन्यांनी परत टिपायची, पेशी मोजायच्या. पण डोळा हलला की गडबड, आणि फोटोत न दिसलेली पेशी मेलीच असंही नाही बरं का! रोजच्या तपासणीला अजून ओसीटीच, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं प्रकाशाचं स्कॅन.