कागदाचं सोनं

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

दसरा गुरुवारी. आज सोसायटीतली अकरा मुलं आमच्या हॉलमध्ये सोन्याची ग्रीटिंग्ज करायला जमली होती.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात, पार्किंगमध्ये सुकलेल्या पानांचा नुसता खच पडला होता. झाडताना हातात आलेली निम्मी पानं तर आपट्याची नव्हतीच, कांचनाची होती. एका दिवसासाठी दोन्ही झाडं ओरबाडली जातात, याचं तेव्हापासून मला फार वाईट वाटतंय. म्हणून यंदा पानं विकत आणायची नाहीत असं मुलांना आधीच विचारून ठरवलं.

शनिवारी रात्री जुन्या वह्यांचे कागद फाडून भिजत घातले होते. सकाळी मिक्सरमधून लगदा काढला, थोडी हळद घातली. पिठाची चाळण परातीतल्या लगद्याच्या पाण्यात बुडवून अलगद वर उचलायची, पाणी निथळलं की सुती साडीच्या तुकड्यावर उलटी करायची. पहिले चार कागद फाटले. पाचवा निघाला तेव्हा मुलांनी जो ओरडा केला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. एकाने चमकी आणली होती. ती प्लास्टिकचीच असते, म्हणून मी नको म्हटलं. तो हिरमुसला. मग झेंडूच्या पाकळ्या कुस्करून लगद्यात टाकायचं काम त्याच्याकडे दिलं आणि त्याने ते जीव ओतून केलं.

आकारासाठी टेकडीच्या वाटेवर गळून पडलेलं आपट्याचं एक पान आणलं होतं. शेजारी फाटकाजवळच्या कांचनाचं पान ठेवलं. कांचनाचं मोठं आणि मऊ. आपट्याचं लहान, जाडसर, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. दोन्ही टोकाकडे दुभंगलेली. आपट्याचं पान मधल्या शिरेवर मिटलं आणि माझ्याच लक्षात आलं, हे तर तयार ग्रीटिंग आहे! दोन पाकळ्या उघडायच्या, आत मजकूर लिहायचा.

कापताकापता कौत्साची गोष्ट सांगितली. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मोहरांसाठी तो रघुराजाकडे गेला, कुबेराने आपट्यावर मोहरांचा पाऊस पाडला. दुसरीतल्या मुलीने विचारलं, "काकू, उरलेल्या मोहरा?" कौत्साने चौदा कोटीच घेतल्या, बाकीच्या मोहरा लोकांनी लुटल्या, असं म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग साताऱ्याच्या आजीसाठी तिने पानात लिहिलं, 'आजी, हे सोनं वाळणार नाही. देवाजवळ ठेव.' 'वाळणार' मधला ळ तिने तीनदा खोडला होता. मी तो नीट करून दिला नाही.

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे कागद वाळेनात. पंख्याखाली चौदा सुकले. उरलेल्यांवर सुती कापड टाकून आता इस्त्री फिरवतेय. उद्या शाळा सुटली की मुलं येतील, त्याआधी सगळे कोरडे व्हायला हवेत.