कोतवालीसमोरचा रस्ता : चांदणी चौकातून पायी

चांदणी चौक बघायचा तर लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजाकडे पाठ करून उभं राहावं. समोर नाकाच्या रेषेत पश्चिमेला जाणारा रस्ता लागतो. तो जिथं संपतो तिथं फतेहपुरी मशीद. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर, झपझप चाललं तर वीस मिनिटांचं. मी सकाळी निघाले आणि मशिदीशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

शाहजहाननं आग्र्याहून राजधानी इथं हलवली, १६४८ मध्ये किल्ला नांदता झाला आणि दोनेक वर्षांत त्याची लेक जहाँआरा हिनं हा बाजार आखून घेतला. रस्त्याच्या मधून कालवा वाहायचा, कडेला झाडांची सावली, आणि साधारण मध्यावर एक मोठा अष्टकोनी चौक, त्यात हौद. 'चांदणी चौक' हे नाव मुळात तेवढ्या चौकाचंच. बाकी रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या बाजारांच्या नावानं ओळखले जायचे. चौकालगत जहाँआरानं प्रवाशांसाठी देखणी सराई बांधली होती. १८५७ नंतर इंग्रजांनी ती पाडली, तिच्या जागी टाऊन हॉल उभा केला आणि हौदाच्या जागी घंटाघर. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत घंटाघरही ढासळलं.

कालवा गेला तो गेलाच, पण २०२१ पासून निदान चालायला रस्ता मिळाला आहे. लाल ग्रॅनाइटची फरसबंदी झाली आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी, दुचाक्या बंद झाल्या. सायकलरिक्षा आणि माल वाहणारे हमाल आहेत, धक्काबुक्की आहे, तरी मान वर करून बघता येतं, आणि इथं बघण्यासारखं पुष्कळसं वरच्या मजल्यांवरच आहे. विजेच्या तारांच्या जंजाळामागे कोरीव सज्जे, लोखंडी जाळीचे कठडे, रंग उडालेल्या कमानी. खाली मात्र सगळीकडे लेहंग्यांच्या पाट्या.

किल्ल्याच्या बाजूनं आत शिरताना आधी लाल दगडाचं दिगंबर जैन मंदिर लागतं. त्याच्या आवारात पक्ष्यांचा दवाखाना आहे. पतंगाच्या मांज्यानं पंख कापलेली कबुतरं लोक रुमालात गुंडाळून घेऊन येतात. शेजारीच गौरीशंकर मंदिर. ते आपा गंगाधर या मराठा सरदारानं १७६१ मध्ये बांधलं असं तिथं सांगतात. आजची इमारत बरीच अलीकडची आहे. तरी पानिपतच्या वर्षाशी जोडलेलं मराठी नाव तिथं ऐकलं आणि मी पायरीवर बसूनच राहिले. आदल्या वर्षीच सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली होती आणि फौजेच्या पगारासाठी समोरच्या किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं होतं. आपल्याकडे पानिपतचं दुःख पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. दिल्लीचं त्या वर्षांत काय झालं, हे इथं बसल्यावर जास्त टोचतं.

पुढे डावीकडे दरिबा कलाँ. चांदीच्या दागिन्यांची गल्ली, आणि तिच्यात १८१६ पासून चालत आलेलं अत्तरांचं दुकान आहे. म्हाताऱ्या दुकानदारांनी जाड काचेची बाटली उघडली, काचेची काडी बुडवली आणि माझ्या मनगटावर एकच रेघ ओढली. "रगड़िए मत, बेटी, सूखने दीजिए." मातीचं अत्तर होतं. भाजलेल्या मातीचा अर्क कनौजला चंदनाच्या तेलात उतरवतात, तो हा. आधी चंदन आलं आणि मग हळूहळू, वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातून येतो तसा वास. इवलीशी कुपी घेतल्यावाचून उठवलं नाही.

दरिब्याच्या तोंडापासून शंभर पावलांच्या आत मात्र या रस्त्याचा जीव आहे. शीशगंज गुरुद्वारा आणि त्याला लागून छोटी सुनहरी मशीद. इथंच शहराची कोतवाली होती. ज्याला शिक्षा करायची, ज्याची धिंड काढायची, ज्याचं प्रेत लोकांना दाखवायचं, त्याला याच जागी आणत. मी चांदणी चौकात आले ती या कोपऱ्यासाठी.

१६५९ मध्ये दारा शुकोहला औरंगजेबानं इथून फिरवलं. बादशहाचा लाडका थोरला मुलगा, ज्यानं उपनिषदं फारसीत आणली, तो मळक्या कपड्यांत, एका हडकुळ्या हत्तिणीवर, शेजारी कोवळा मुलगा. बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या दिवशी बाजारात हजर होता. काही महिन्यांपूर्वीच त्यानं दाराच्या बेगमेवर उपचार केले होते. चहूबाजूंनी लोक रडत होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. रडले सगळे, सोडवायला एकही हात पुढे आला नाही. थोड्याच दिवसांत दाराचा शिरच्छेद झाला.

नोव्हेंबर १६७५ मध्ये शिखांचे नववे गुरू तेगबहादुर यांना औरंगजेबाच्या हुकमावरून याच जागी मारलं. त्यांच्याआधी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या साथीदारांना मारलं : भाई मतीदासांना करवतीनं चिरलं, भाई दयालांना उकळत्या पाण्यात घातलं, भाई सतीदासांना कापसात गुंडाळून जाळलं. ही हकिगत गुरुद्वाऱ्यात लहान मुलांनाही सांगतात, आवाज न चढवता. गुरूंचं शीर भाई जैतांनी लपवून आनंदपूरला नेलं. धड लक्खी शाह वणजारा यांनी आपल्या घरी नेलं आणि संशय येऊ नये म्हणून घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केला. १७८३ मध्ये बघेलसिंगांची शीख फौज दिल्लीत आली आणि वधाच्या जागी गुरुद्वारा उभा राहिला.

डोक्यावर ओढणी घेऊन, पाय धुऊन आत गेले. ज्या झाडाखाली गुरूंचं शीर उतरवलं त्याचं खोड काचेआड जपलेलं आहे. ज्या विहिरीवर ते कैदेत असताना स्नान करत तीही आहे. लंगरमध्ये पंगतीत माझ्या एका बाजूला शाळकरी मुलगा होता, दुसऱ्या बाजूला दिवसभर पोती उचलून आलेला हमाल. पोळी दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची असते, हे त्या मुलानं मला खुणेनं दाखवलं.

शेजारची सोनेरी घुमटांची मशीद दिसायला नाजूक आहे. मार्च १७३९ मध्ये इराणहून चालून आलेला नादिरशाह तिथं बसला आणि त्याच्या हुकमावरून काही तासांत दिल्लीत हजारो माणसं कापली गेली. १८५७ च्या सप्टेंबरात हडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं गोळ्या घातलेल्या तीन मुघल शहजाद्यांची प्रेतं कोतवालीसमोर टाकली होती, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिथं फाशीचे खांब उभे होते.

त्या कोतवालीचं आज काय उरलं? ती जागा गुरुद्वाऱ्याकडे आली आहे. समोरच्या चौकाला भाई मतीदासांचं नाव आहे. मला या रस्त्याची ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. इथं ज्यांनी मारलं त्यांच्या नावाची पाटी शोधूनही सापडत नाही.

पुढेही तेच. २३ डिसेंबर १९१२ ला व्हाइसरॉय हार्डिंग नव्या राजधानीत वाजतगाजत शिरत होता, हत्तीवरून, याच रस्त्यानं. रासबिहारी बोस आणि त्यांच्या साथीदारांच्या बॉम्बनं तो जखमी झाला, मागे छत्री धरून बसलेला नोकर मेला. त्या बिचाऱ्याची आठवण कुणी काढत नाही, ती काढायला हवी. या खटल्यात मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, भाई बालमुकुंद आणि बसंतकुमार बिस्वास फाशी गेले. ३० मार्च १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध दिल्ली बंद असताना स्वामी श्रद्धानंदांनी घंटाघरापाशी गुरखा शिपायांच्या संगिनींसमोर छाती उघडी केली. टाऊन हॉलसमोर पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, आता स्वामीजींचा आहे.

त्यापुढचा रस्ता पुन्हा धंद्याचा. डावीकडे बल्लीमारान, चपला आणि चष्म्यांची दुकानं, आणि आत गली कासिमजानमध्ये गालिबची हवेली. फतेहपुरी मशीद शाहजहानच्या एका बेगमेनं १६५० मध्ये बांधली. १८५७ नंतर इंग्रजांनी तिचा लिलाव केला तेव्हा लाला चुन्नामल या हिंदू सावकारानं ती विकत घेतली, आणि १८७७ मध्ये ती मुसलमानांना परत मिळाली. आता तिच्या अंगणात पोरं हौदाभोवती पळत असतात.

मशिदीला वळसा घातला की खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. लाल मिरचीची पोती रचलेल्या जिन्यावरून मी वर चढले खरी, पण ठसक्यानं अर्ध्यावरच थांबले. खाली हमाल खाकरत, शिंकत, तरी पाठीवर पोतं घेऊन पळत होते. दुकानदारानं पाण्याचा पेला पुढे केला आणि गच्चीची वाट दाखवली. जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि नाकावर बांधायला रुमाल न्या.