मॅचकडं पाठ करून

ब्रीफिंगमध्ये सुपरवायझरनं एकच गोष्ट दोनदा बजावली. मैदानाकडं तोंड करायचं नाही. मॅच बघायला लोक तिकीट काढतात, तुम्हाला पगार मिळतो.

१६ मे २०२३. ल्युटन टाउन विरुद्ध संडरलंड, इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीच्या फुटबॉल लीगच्या, म्हणजे चॅम्पियनशिपच्या, प्ले-ऑफमधल्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. ही फेरी पार केली की वेम्बलीत अंतिम सामना, आणि तो जिंकला की थेट प्रीमियर लीग, मँचेस्टर सिटीसारख्यांच्या पंगतीत. पहिल्यात ल्युटन १-२ हरलेलं. मी ल्युटनला शिकत होतो आणि क्लबच्या केनिलवर्थ रोड मैदानावर स्टुअर्डचं, म्हणजे प्रेक्षकांवर लक्ष ठेवायचं, काम करून खर्च भागवत होतो. माणूस कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पीटीएमसाठी, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल संघासाठी, घसा बसेपर्यंत ओरडलेला. त्यानं मॅचकडं पाठ करून उभं राहायचं!

ड्यूटी ओक रोडला, म्हणजे पाहुण्यांच्या स्टँडवर. तिथलं दार बघूनच माणूस चक्रावतो. एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग आणि तिच्याच पोटातून आत जायची वाट. पुढं जिना चढताना खाली लोकांची परसं दिसतात, दोरीवरच्या कपड्यांसकट. संडरलंडचं स्वतःचं स्टेडियम जवळपास ४९ हजारांचं, आमचं सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास. येणारा प्रत्येक जण जिन्यावर थांबून फोटो काढायचा आणि मी "पुढं चला, पुढं चला" करत राहायचो.

ल्युटन क्लबनं भोगलंय बरंच. २००८-०९ चा हंगाम त्यांनी उणे ३० गुणांनी सुरू केला. आधीच्या कारभाऱ्यांच्या पैशांच्या भानगडी आणि दिवाळखोरी, त्याची ती शिक्षा. लीगमधून बाहेर फेकले गेले, पाच हंगाम बाहेरच राहिले, २०१४ ला परतले. त्या वनवासात, २०१३ मध्ये आलेला पेली रडॉक म्पान्झू त्या रात्रीही मिडफिल्डमध्ये होता.

दहाव्या मिनिटाला माझ्यासमोरचे सगळे चेहरे एकदम पडले आणि पाठीमागून असा आवाज आला की बुटकं छप्पर हललं असं वाटलं. गोल कुणाचा, ते मला एका संडरलंडवाल्याच्या शिव्यांतून कळलं. गेब ओशो. कॉर्नरवरून. संडरलंडचे उंच बचावपटू दुखापतींनी बाहेर होते आणि ल्युटननं नेमकं तिथंच बोट ठेवलं. मध्यंतराआधी टॉम लॉकियरचा हेडर, तोही असाच, समोरच्यांनी डोक्याला हात लावल्यावर समजला. दोन्ही गोल बचावपटूंचे. दोन्ही सामने मिळून ल्युटन ३-२ नं पुढं.

दुसरा अर्धा मात्र माझ्यासाठी लांबत गेला. बरोबरीसाठी संडरलंडला एकच गोल हवा होता. समोरचे लोक पायाच्या बोटांवर उठले की माझ्याही पोटात गोळा यायचा, आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.

शिट्टी झाली तसं ल्युटनचं पब्लिक मैदानात घुसलं. आम्ही पाहुण्यांसमोर साखळी धरली. बाहेर सोडायला वेळ लागला, त्यांना चारशे किलोमीटर परत जायचं होतं, त्यामुळं वैताग साहजिकच. एक म्हातारा मात्र जिन्यावर माझ्याजवळ थांबला.

"पोरा, वेम्बलीत जिंका रे," तो म्हणाला. "मँचेस्टर सिटीवाले या लोकांच्या चड्ड्या बघत जिना चढताना मला टीव्हीवर बघायचेत."