रतनगड ते हरिश्चंद्रगड, आणि कोकणकड्यावरची ती एक रात्र

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. लाँग वीकेंडला हरिश्चंद्रगडावर मुक्काम करू नका. टेंट स्वतःचा असो नाहीतर भाड्याचा, ग्रुप चार जणांचा असो नाहीतर चाळीस जणांचा, करू नका. परत येऊन तीन दिवस झालेत, पोटऱ्या अजून दुखतायत, त्यामुळे थोडं चिडून लिहितोय हे मान्य, पण राग उतरल्यावरही मत हेच राहणार.

आम्ही चौघं २६ जानेवारीच्या सुट्टीला एक दिवस जोडून शुक्रवारी निघालो. रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलार खिंडीतून खिरेश्वर. पहिल्या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही, चांगले गेले, माणसं कमी भेटली. कात्राबाईच्या खिंडीची चढण दमवते, रानात ढोरवाटा फुटतात म्हणून गावातला वाटाड्या घ्या, पाणी खिंडीच्या आधीच भरून घ्या. एवढं पुरे.

खरी गोष्ट रविवारी पाचनईत, म्हणजे गडाच्या पायथ्याच्या गावात, सुरू झाली. निघायच्या आधी मी गडावर टेंट भाड्याने देणाऱ्या एकाला फोन करून नीट विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, शनिवारी गर्दी असते, रविवारी सगळे उतरतात. संध्याकाळी कड्यावर फार तर वीस-पंचवीस टेंट. तुमचा टेंट आहे ना, मग कुठेही लावा, काही चार्ज नाही." त्या हिशोबानेच आम्ही गडाचा मुक्काम रविवारी रात्री ठेवला. सोमवारी २६ जानेवारी आहे हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

पाचनईच्या बऱ्याच अलीकडून रस्त्याच्या दोन्ही कडेला गाड्या, दोन मोठ्या बस, आणि त्यातून उतरलेली एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी. पाचनईची वाट सोपी आहे, एरवी दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो, आम्हाला चार तास लागले कारण कातळाखालून जी रेलिंगची आडवी वाट जाते तिथे रांग लागली होती, आणि रांगेत उभं राहायचं नाही म्हणून लोक खालच्या उतारावरून झाडं धरून घसरत पुढे जात होते. त्या एका ठिकाणी मूळ पायवाटेला समांतर तीन नव्या वाटा पडल्यात. तिन्ही उघड्या लाल मातीच्या, झाडांची मुळं वर आलेली. सगळं आयुष्य सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे बघून काय होईल ते वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात याच तीन वाटांचे ओढे होतात आणि माती खाली जाते.

वर पोचलो तेव्हा चार वाजले होते. कोकणकड्याकडे, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या सरळ तुटलेल्या कड्याकडे, जाणाऱ्या वाटेपासूनच टेंट सुरू. मी मुद्दाम फिरून मोजायला लागलो, एकशे सत्तरपर्यंत मोजले आणि मग अंधार पडला. दोन-तीन ठिकाणी मोठे स्पीकर. आम्ही कड्यापासून बरंच मागे एक सपाट कातळ बघून टेंट टाकला, गवतावर नाही, कातळावर. तर अर्ध्या तासात एक जण टॉर्च घेऊन आला, जागेचे चारशे रुपये म्हणे.

"कसली जागा? हे अभयारण्य आहे."

"ही साइड आमच्या कॅम्पची आहे दादा. सगळेच देतात."

"पावती देणार का?"

पावती नव्हती. मी पैसे दिले नाहीत, त्याने अजून दोन माणसं आणली, वीस मिनिटं वाद झाला, आणि शेवटी आमच्यातल्या एकाने कंटाळून दोनशे दिले. ते दोनशे अजूनही मला टोचतायत. हे पठार कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, ३६१ चौरस किलोमीटरचं. तिथल्या सपाटीचं भाडं वसूल करायचा हक्क कुणालाही नाही. पायथ्याला प्रवेशाचे पैसे घेतले जातील तेव्हा पावती मागून घ्या आणि खिशात ठेवा, वर कुणी काही मागितलं तर तीच दाखवा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. पाचनई-खिरेश्वरची जी माणसं वर झापात (झोपडीत) चहा, लिंबूसरबत, पिठलं-भाकरी देतात त्यांची गोष्ट वेगळी, ती डोक्यावर सामान वाहून आणतात, त्यांच्याशी घासाघीस करू नका.

रात्री थंडी चांगलीच होती आणि प्रत्येक ग्रुपला शेकोटी हवी होती. जानेवारीत गडावरचं गवत कंबरेएवढं आणि कोरडं ठाक असतं, एक ठिणगी पुरते. आमच्या शेजारच्या ग्रुपचा लीडर दोन पोरांना घेऊन उतारावर गेला आणि कारवीची झुडपं मोडून भारा घेऊन आला. मी जाऊन बोललो. तो म्हणाला, वाळलेलीच आणलीय काका. मी एक काडी हातात घेऊन वाकवली, ती तुटली नाही, सालीखाली हिरवी होती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. फुलायच्या आधी मोडली तर त्या झुडपाचं बी पडतच नाही, आणि या तीव्र उतारावरची माती धरून ठेवणारी हीच तर आहे. त्याला हे सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, भारा तरी जाळलाच. सकाळी त्या जागी कातळाच्या खपल्या निघाल्या होत्या, बोटाने उचलता येत होत्या. पठारावर अशी काळी वर्तुळं मी एका फेरीत चाळीसेक बघितली. गॅस न्या, जाड जॅकेट न्या, थर्मल न्या. शेकोटी नको म्हणजे नकोच, छोटीसुद्धा नको.

आता पाण्याचं. हे नीट वाचा कारण याच गोष्टीने आमचा एक माणूस आडवा झालाय.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या आसपास कातळात खोदलेली बरीच टाकी आहेत, गडावरचं पाणी तेच. जुन्या वर्णनांत लिहिलेलं असतं की टाक्यातलं पाणी थंडगार आणि पिण्यायोग्य. मीही पूर्वी ओंजळीने प्यायलोय. यावेळी पहिल्या टाक्यावर दोघं ताटं विसळत होते, कडेला डिशवॉशचं पाऊच, पाण्यावर तेलाचा तवंग आणि नूडल्स तरंगत होते. मी पुढच्या टाक्यावर बाटल्या भरल्या. झापातल्या मामांनी बाटली बघितली आणि म्हणाले, "दादा, ते नका पिऊ. आम्हीच पीत नाही आता. सुट्टीचं तर अजिबात नाही." तोपर्यंत आमच्यातला एक जण अर्धी बाटली प्यायला होता. मंगळवारपासून त्याला जुलाब आहेत. त्याच्याकडे फिल्टर होता आणि त्याने वापरलाही होता, पण पाठीवरून नेतो ते नळीवाले फिल्टर बहुतेक वेळा विषाणू अडवत नाहीत, तेव्हा पाणी उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. पाचनईतून माणशी तीन लिटर भरून घेतलं तर सगळ्यात बरं.

आणि पाणी असं का झालंय ते मला सोमवारी पहाटे साडेपाचला कळलं, हातात बाटली आणि टॉर्च घेऊन कारवीत जागा शोधताना. जागाच नव्हती. प्रत्येक झुडपामागे, प्रत्येक दगडाच्या आडोशाला आधी कुणीतरी बसून गेलेलं. ओले वाइप्स कारवीच्या काड्यांना अडकून वाऱ्याने हलत होते. हे वाइप्स कागदाचे वाटतात पण बहुतेकांत प्लास्टिकचा धागा असतो, कुजत नाहीत. मी वर चढत गेलो, अजून वर गेलो, तिथेही तेच, आणि मग मागे वळून टॉर्च मारला तेव्हा लक्षात आलं की हा सगळा उतार देवळाकडे जातो. मंगळगंगा नदीचा उगम तिथेच. टाकी तिथेच.

पुस्तकी नियम सगळ्यांना माहीत असतो: पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा-आठ इंच खड्डा, वरून माती. पण या पठारावर बऱ्याच ठिकाणी कातळावर चार बोटंसुद्धा माती नाही, खड्डा कुठे खणणार? जिथे माती आहे तिथे आधीच खणलेलं निघतं. जानेवारी ते मे पाऊस नाही, ओल नाही, काही कुजत नाही, सगळं वाळून तसंच पडून राहतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत एकदम धुऊन खाली येतं. एका रात्रीला पाचशे माणसं धरा, आणि असे वीकेंड हंगामात किती येतात ते तुम्हीच मोजा. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं, गडावर राहायचंच असेल तर झिप-लॉक पिशव्या आणि थोडा भुसा किंवा राख न्या आणि आपलं आपण खाली आणा. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण तीन पदरी पिशवी बांधली की वास येत नाही, आम्ही दोघांनी करून बघितलंय. हे जमणार नसेल तर पाचनईत राहा. गावात घरगुती सोय होते, संडास आहेत, पहाटे चारला निघून सूर्य उगवायला वर, आणि दुपारी खाली. एका दिवसात आरामात होतं. कोकणकडा दिवसा बघितल्याने कमी दिसत नाही, उलट सकाळी आठनंतर पाकोळ्या (पक्षी) कड्याच्या पोटातून सुसाट वर येतात ते टेंटवाले झोपेत घालवतात.

टेंट लावलाच तर कातळावर लावा. गवतावर एकाच जागी दर शनिवारी टेंट पडला की माती दाबून घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि पहिल्या पावसात वरचा थर वाहून जातो. कड्याजवळ असे टेंटच्या मापाचे टक्कल पडलेले चौकोन ओळीने दिसतात. आणि मुक्कामाला परवानगी आहे की नाही ते निघायच्या आधी राजूरच्या वन्यजीव कार्यालयात विचारा, टेंटवाल्याला नाही. कुणाला अडवायची वेळ आलीच तर हेही माहीत असू द्या की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात कचरा टाकायला मनाई आहे (कलम २७), अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायलाही (कलम ३०). शेजारच्या ग्रुपला मी हे सांगितलं तेव्हा स्पीकर तरी बंद झाला.

केदारेश्वराच्या गुहेत, जिथे शिवलिंग पाण्यात आहे, गेलो नाही. बाहेर रांग होती, आणि आतल्या पाण्यात शाम्पूची पुडी तरंगताना दिसली, पाय पुढे पडेना.

बरेच जण मेसेज करून विचारतायत की मग हरिश्चंद्रगडाऐवजी कुठे जायचं, शांत जागा सांगा. सांगणार नाही. दहा वर्षांपूर्वी मीच एका पठाराचं नाव, वाट, पाण्याची जागा सगळं लिहिलं होतं, तिथे आता भाड्याचे टेंट लागतात. त्यापेक्षा याच गडावर मंगळवार-बुधवारी जा, रजा टाका.

उतरताना तोलार खिंडीची वाट घेतली. पाचनईपेक्षा लांब, बालेकिल्ल्याला वळसा घालत टेकड्यांचे चढउतार संपता संपत नाहीत, खिंडीच्या वरचा रॉकपॅच (कातळाचा टप्पा) उतरताना सॅक आधी खाली द्या. पण गर्दी एकदम संपते. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी अर्धा तास बसलो, पाचनई सोडल्यापासून पहिल्यांदा पानांचा आवाज ऐकू आला. वाटेत आम्ही एक गोणी भरून बाटल्या उचलल्या, आळीपाळीने वाहिल्या. खिरेश्वरपासून खुबी फाटा पाच किलोमीटर, धरणाच्या भिंतीवरून चालत. फाट्यावर कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या सुट्टीच्या संध्याकाळी भरून येतात आणि थांबत नाहीत, आमच्यासमोरून तीन गेल्या. उलट आळेफाट्याला जा आणि तिथून बसून या, एक तास जास्त लागतो पण जागा मिळते. गोणी बसच्या टपावर चढवायला कंडक्टरने मदत केली.